खर्ज कोणाकडे सोपवावा?

होम थिएटरचा संच घरी येतो, पाच स्पीकर व एक सबवूफर आपापल्या जागी बसतात, तारांची जुळवाजुळव होते आणि रिसीव्हर एक साधा प्रश्न विचारतो: स्पीकर ‘लार्ज’ की ‘स्मॉल’? समोरचे दोन स्पीकर कमरेइतके उंच, त्यांच्यावर खर्चही बराच झालेला. गृहस्वामी अर्थातच ‘लार्ज’ निवडतो. काही दिवसांतच कुरबुर सुरू होते. स्फोटाचे दृश्य नुसतेच गुरगुरते, आवाज वाढवला की संवाद गढूळ होतात, आणि दोन वाहिन्यांची शास्त्रीय गायनाची सीडी लावली तर सबवूफर चक्क गप्प राहतो. संच सदोष असल्याची शंका येऊ लागते. वास्तविक चूक एका शब्दाच्या अर्थात झालेली असते.

या शब्दांचा स्पीकरच्या उंचीशी संबंध नाही. ‘स्मॉल’ म्हणजे ठरावीक वारंवारतेखालील खर्ज या स्पीकरकडे न पाठवता सबवूफरकडे वळवावा, एवढाच आदेश. ही सीमारेषा म्हणजे क्रॉसओव्हर. ‘लार्ज’ म्हटले की सारा भार त्या स्पीकरवरच पडतो. सबवूफरकडे उरते ती फक्त 5.1 मधील ‘.1’ ही वाहिनी. 120 हर्ट्झपर्यंतच्या खास परिणामांची ही वाहिनी चित्रपटात असते, गाण्याच्या सीडीत नसते.

खर्ज निर्माण करणे कष्टाचे काम आहे. आवाजाची पातळी तीच राखून वारंवारता निम्मी केली, तर स्पीकरच्या शंकूला चौपट अंतर मागे-पुढे व्हावे लागते. ते ओझे सबवूफरच्या दहा-बारा इंची शंकूने व त्याच्या स्वतंत्र अ‍ॅम्प्लिफायरने उचलले, की उरलेल्या स्पीकरांना मानवी कंठ आणि वाद्ये स्वच्छ वाजवता येतात. उंच, भारदस्त स्पीकरांनाही बहुधा ‘स्मॉल’च मानवते.

क्रॉसओव्हर किती ठेवावा? टीएचएक्सने रूढ केलेला 80 हर्ट्झ हा आकडा आरंभासाठी उत्तम. या स्वराची तरंगलांबी सुमारे 4.3 मीटर असते. इतक्या लांब तरंगाची दिशा कानाला नीटशी उमगत नाही, म्हणून सबवूफर कोपऱ्यात असला तरी खर्ज पडद्यावरूनच आल्यासारखा भासतो. तीन इंची शंकूच्या चिमुकल्या स्पीकरांना मात्र 120 ते 150 हर्ट्झपर्यंत चढावे लागते. तेथे पुरुषी आवाजाचा मूळ स्वरही सबवूफरच्या वाट्याला येतो, आणि नायक पडद्यावर उभा राहून सोफ्यामागून बोलू लागतो! अशा वेळी सबवूफर पुढे, पडद्यालगत ठेवलेला बरा.

आणखी एक फसगत ठरलेली. सबवूफरच्या पाठीवरही क्रॉसओव्हरची खुंटी असते. रिसीव्हरने एकदा गाळलेला आवाज तिने पुन्हा गाळू नये, म्हणून ती शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवून ठेवावी. सोबतच्या मायक्रोफोनने स्वयंचलित मोजणी करणारे रिसीव्हर पुष्कळदा उंच स्पीकरांना आपणहून ‘लार्ज’ ठरवतात. तो निर्णय हाताने बदलण्यात संकोच नको.

इतके करूनही खोली आपला हिस्सा मागतेच. 4.3 मीटर लांबीच्या दिवाणखान्यात 40 हर्ट्झच्या आसपास आवाज भिंतींमध्ये घुमतो. भिंतीलगतच्या आसनावर छाती दणाणते, मधल्या आसनावर काहीच पोहोचत नाही. यावर जुना, किंचित हास्यास्पद पण खात्रीचा उपाय आहे. सबवूफर क्षणभर ऐकण्याच्या आसनावर ठेवावा, खर्जाचे गाणे लावावे आणि भिंतींच्या कडेने रांगत फिरावे. जेथे खर्ज सुस्पष्ट व समतोल वाटेल, ती सबवूफरची जागा. घरच्यांनी हसून घेतले तरी चालेल.

शेवटी आसनावर बसून फेजचे बटण 0 व 180 अंशांवर आळीपाळीने ठेवून पाहावे. ज्या स्थितीत खर्ज अधिक भरीव ऐकू येतो, ती कायम करावी. सबवूफरची पातळी मात्र इतकीच असावी, की तो बंद केल्यावरच त्याची उणीव जाणवेल. इमारतीत राहणाऱ्यांनी रात्री ती आणखी उतरवावी. खर्ज भिंती ओलांडतो आणि खालच्या मजल्यावरचे शेजारी तिकीट न काढता चित्रपट ऐकतात.