पान कोरं सुटतं तेव्हा...

सकाळी पेपर उघडला आणि पहिलं पान पांढरंफटक निघालं, तर? छपाईत काहीतरी घोळ झालाय, असंच आपल्याला वाटेल. १० मार्च २०१९ रोजी श्रीनगरमध्ये वाचकांच्या हातात खरंच असे पेपर पडले आणि घोळ छपाईचा नव्हता. ‘ग्रेटर काश्मीर’ आणि ‘काश्मीर रीडर’ या दोन दैनिकांच्या सरकारी जाहिराती राज्य प्रशासनाने काहीही स्पष्टीकरण न देता बंद केल्या होत्या. त्याचा निषेध म्हणून तिथल्या अनेक पेपरनी पहिलं पान कोरं ठेवलं.

जाहिरात थांबली तर एवढं काय बिघडलं, असा प्रश्न पडू शकतो. गणित सोपं आहे. आपण पेपरला जे चार-पाच रुपये देतो, त्यात कागद आणि छपाईचा खर्चही धड निघत नाही. बाकीचा भार जाहिराती उचलतात. मोठ्या शहरात बिल्डर, ज्वेलर्स, क्लासेस, मोबाइल कंपन्या असतात. पण जिथे खासगी उद्योग कमी, तिथे सरकारच सगळ्यात मोठं गिऱ्हाईक! टेंडर नोटिसा, योजनांच्या जाहिराती, मंत्र्यांच्या फोटोंची पूर्ण पानं. हा नळ कधी सोडायचा आणि कधी बंद करायचा, हे ज्याच्या हातात, त्याला संपादकाला फोन करायचीही गरज पडत नाही.

आणीबाणीत मात्र सगळं उघड होतं. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीच्या बहादूर शाह जफर मार्गावरच्या पेपरांच्या प्रेसची वीजच तोडली गेली. मग सेन्सॉरशिप आली. बातमी आधी अधिकाऱ्याला दाखवायची, त्याने ‘हो’ म्हटलं तर छापायची. २८ जूनला ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. एकही शब्द न छापता वाचकांना जे कळायचं ते कळलं. सरकारलाही कळलं. म्हणून मग अशी कोरी जागा सोडायलाच मनाई झाली!

यातच खरी मेख आहे. बातमी काढून टाकली याचं सरकारला काहीच वाटत नव्हतं. ती काढलीय हे लोकांना दिसतंय, याची अडचण होती.

आज पानावर अशी जागा सहसा दिसत नाही. एक बातमी गेली की तिच्या जागी दुसरी येते. पान भरतं, वेळेत सुटतं. घोटाळ्याची बातमी पहिल्या पानावरून आतल्या पानावर सिंगल कॉलम होते. हेडिंगमधलं मंत्र्याचं नाव जाऊन ‘प्रशासन’ येतं. ‘फॉलोअप नंतर बघू’ म्हणतात आणि ते ‘नंतर’ काही उगवत नाही. यातलं काही खोटं नसतं. त्यामुळे पकडताही येत नाही. शिवाय बातमी छापली तर केस होईल, पत्रकार परिषदेचं बोलावणं बंद होईल, मालकाच्या दुसऱ्या धंद्याची फाइल अडकेल, ही भीती असतेच. काही दिवसांनी कुणी सांगायच्या आधीच रिपोर्टरला ‘ही बातमी लागणार नाही’ हे कळायला लागतं आणि तो ती लिहीतच नाही.

अर्थात प्रत्येक जण गप्प बसतो असंही नाही. राजस्थानमध्ये २०१७ साली एक वटहुकूम निघाला. सरकारी अधिकाऱ्यांवर आरोप झाले तरी चौकशीची परवानगी मिळेपर्यंत त्यांची नावं छापायची नाहीत. छापली तर दोन वर्षांपर्यंत तुरुंग. ‘राजस्थान पत्रिका’ने जाहीर केलं, की हे मागे घेईपर्यंत मुख्यमंत्री वसुंधराराजे यांच्या बातम्याच छापणार नाही. विरोध इतर ठिकाणाहूनही झाला, प्रकरण कोर्टातही गेलं आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सरकारने विधेयक मागे घेतलं.

आता यात आपण काय करायचं? आपल्या पिढीला बातमी रीलमधून कळते. ‘सगळा मीडिया विकला गेलाय’ अशी कमेंट टाकून आपण पुढे स्क्रोल करतो. त्याचा फायदा दबाव टाकणाऱ्यालाच होतो. सगळेच सारखे ठरले, की जोखीम घेणारा पेपर आणि न घेणारा पेपर यात फरकच उरत नाही.

त्यापेक्षा एक आठवडा हे करून बघा. कॉलेजच्या लायब्ररीत चार-पाच पेपर येतातच. आपल्याच शहरातला एक विषय निवडा. खड्डे, पाणी, परीक्षांचा गोंधळ, काहीही. कुणी तो पहिल्या पानावर घेतला, कुणी आत ढकलला, कुणी घेतलाच नाही? बातमीत फक्त मंत्री बोलतोय, की ज्याला त्रास झाला तोही? त्याच दिवशी सरकारची पानभर जाहिरात कुठे आहे? एका दिवसावरून निष्कर्ष काढू नका, बातमी मागे पडायला साधी कारणंही असतात. पण सात दिवस वही मांडली, तर कोणती बातमी कुठे गायब होते ते दिसायला लागेल. मग त्या पेपरला पत्र लिहून विचारा, ‘त्या बातमीचं पुढे काय झालं?’