सवड, साधने आणि पनवेलची गाडी

पनवेलहून सकाळी मुंबईकडे निघणाऱ्या हार्बर गाडीत, ती येथूनच सुटत असल्यामुळे, ज्याला बसावयास जागा मिळाली आहे आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंतची सुमारे ऐंशी मिनिटे ज्याला मांडीवर दप्तर ठेवून काढावयाची आहेत, अशा सॉफ्टवेअर-व्यावसायिकास ‘नवे काही शिकता काय?’ असे विचारले, तर ‘सवड कोठे आहे?’ हे उत्तर ठरलेले असते. ते खोटे नाही, परंतु त्याच्या बुडाशी असलेले समज मात्र तपासून पाहण्याजोगे आहेत.

शिकण्यास दोन-तीन तासांची निर्वेध बैठक पाहिजे, हा त्यांतला सर्वांत दृढमूल समज. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून १८८५ साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात बारा अक्षरसमूहांची माला एका दिवसात ६८ वेळा घोकून जे साधले, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ आवृत्तींतही साधल्याचा दाखला आहे. रविवारच्या एका दीर्घ बैठकीपेक्षा पनवेल ते बेलापूर एवढ्या वेळाचा रोजचा पाठ किफायतशीर ठरावा, तो यामुळेच.

याहून फसवा समज असा, की व्हिडिओ पाहिला म्हणजे विषय आला. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ मधील प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा पुनःपुन्हा वाचला, तर काहींनी तो वाचून, मिटून, आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी घेतलेल्या कसोटीत वाचणारे सरस ठरले, आठवड्यानंतर मात्र लिहिणारे. आणि गंमत अशी, की आपल्याला सारे आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. प्रस्तुत लेखकानेही एक अर्धा पावसाळा असाच पाहण्यात घालविला असून हाती आले ते पाहिल्याचे समाधान. म्हणून पाठ बंद करावा आणि त्यात पाहिलेले फंक्शन कागदावर, स्मरणाने, लिहून पाहावे. गाडीत कागदाला नेटवर्क लागत नाही.

उत्तम साहित्य महाग असते आणि मराठीत तर नसतेच, ही तक्रारही निराधार आहे. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ साली आरंभिलेल्या एनपीटेलची व्याख्याने विनामूल्य आहेत, शुल्क पडते ते प्रमाणपत्राच्या परीक्षेस. आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, सी, पायथन यांवरचे सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ मराठीत ऐकावयास मिळतात, तेही थांबवीत, सोबत स्वतः करून पाहावेत अशाच बेताने रचलेले. पुढच्या पायऱ्यांवर इंग्रजी चुकत नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे.

राहता राहिली साधने. नवे साधन घेतले की काम हलके होईल या आशेने आपण जुन्याची ओळखच करून घेत नाही. गिट रोज वापरणाऱ्यांपैकी कितीकांना ठाऊक असते, की ‘गिट बायसेक्ट’ हा हुकूम प्रत्येक वेळी निम्म्या नोंदी बाजूस सारीत, हजार कमिटांतून दोष शिरला ती नोंद सुमारे दहा चाचण्यांत शोधून देतो? अशी ओळख करून घेण्यास ‘झील’सारखे विनामूल्य साधन अनेक भाषांची अधिकृत दस्तऐवजे संगणकातच साठवून ठेवते, त्यामुळे रेंज गेल्याची सबबही उरत नाही. साधनासोबत त्याची माहिती देण्याची रीत जुनीच आहे: युनिक्सची पहिली नियमपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ ची. तीत प्रत्येक आज्ञेखाली तिचे ज्ञात दोष लिहिण्यास ‘बग्ज’ नावाचा रकाना होता, आणि आपल्या कृतीची उणीव स्वतःच नोंदविणारा हा प्रामाणिकपणा जाहिरातीच्या मजकुरात क्वचितच आढळतो. त्याच परंपरेतली, ‘मॅन’ या हुकमाने उघडणारी पाने लिनक्स आणि मॅक यांवर आजही असतात. वाचकहो, उद्या खांदेश्वर येण्यापूर्वी ‘मॅन मॅन’ एवढा हुकूम देऊन पाहा.