लोहारकामाची साधने (बुलढाणा जिल्हा)
बुलढाणा जिल्ह्यात वखराची पास, विळे, खुरपी, कुऱ्हाडी इत्यादी अवजारे गावचे लोहार व फिरस्ते घिसाडी घडवतात. ऐरणीवर तापलेले लोखंड सांडशीने धरणाऱ्यास भाता हलवणारा व घण मारणारा असे साहाय्य लागते. घिसाडी कुटुंबांत घण बहुधा स्त्रियाच मारतात. कामातील सर्वांत कष्टाचा भाग हाच होय.

अशा कारागिरासाठी साधन केवळ स्वस्त असून भागत नाही. ते बिऱ्हाडासोबत नेता यावे, विजेविना चालावे व गावातच दुरुस्त व्हावे. हाताने फिरवायचा पंखा या कसोट्यांस उतरला आणि चामडी भाता मागे पडला. यांत्रिक घणास मात्र पक्का पाया व मोटर लागते. तो दुकान थाटलेल्या लोहारास परवडला, तरी पालात राहणाऱ्यास निरुपयोगी ठरतो. परिणामी स्त्रियांचे श्रम कमी झालेले नाहीत.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहारकामाचा समावेश आहे. साधनसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य मिळते. अर्जाची पहिली पडताळणी ग्रामपंचायत किंवा नागरी स्थानिक संस्थेकडे होते. एका गावी न राहणाऱ्या घिसाड्यास हीच पायरी अवघड ठरू शकते.