पोल्ट्रीच्या शेडमधलं बोर्डिंग

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं की भूगाव, भुकूम, पिरंगुट अशी गावं एकाला एक चिकटून येतात. २०२२ च्या ऑक्टोबरात चौकातला जुना पूल पाडला, पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये नवे रस्ते खुले झाले, आणि कोथरूड-बावधनची माणसं या पट्ट्यात जास्तच यायला लागली. कुणी फार्महाउसवर, कुणी मिसळीला, कुणी मुळशी धरणाकडे. शनिवारी सकाळी यातल्या काही गाड्या मुख्य रस्ता सोडून आत वळतात. मागच्या सीटवर कुत्रा असतो आणि डिकीत बॅगा. भातखाचरांच्या मधून गेलेला कच्चा रस्ता एका पत्र्याच्या फाटकाशी संपतो.

फाटकावर पाटी नाही. होती, ती काढून टाकली. ‘पाटी बघून लोक रात्रीचे येऊन फाटकाला कुत्री बांधून जायला लागले,’ असं घरातल्या वहिनींनी सांगितलं. अशी बांधून गेलेली तीन कुत्री आता घरचीच झाली आहेत. चौथं नको, म्हणून या लेखातही नाव-पत्ता दिलेला नाही. ज्यांना खरोखर गरज असते त्यांना कुत्र्यांचे डॉक्टर पत्ता देतात.

जागा मूळची पोल्ट्रीची. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू निघाला, देशातला पहिलाच, आणि तिथून शेकडो किलोमीटर लांबच्या कोंबड्यांनाही गिऱ्हाईक मिळेना. दोन बॅच तोट्यात गेल्या, शेड रिकामी पडली. त्याच वर्षी मे महिन्यात ओळखीच्या एका माणसानं गावाला जाताना आपली अल्सेशियन आठवडाभरासाठी इथे आणून सोडली आणि नेताना घरातल्या दादांच्या हातात पैसे ठेवले. धंद्याची सुरुवात म्हणाल तर एवढीच.

पोल्ट्रीची शेड कुत्र्यांना मानवते. कोंबड्यांना ऊन लागू नये म्हणून शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवतात, बाजूच्या भिंती बुटक्या, वर जाळी. ऊन आत येत नाही, वारा आरपार जातो. दादांनी आत विटांच्या भिंती घालून अठ्ठावीस खोल्या पाडल्या. मधल्या भिंती छातीएवढ्या उंच, कारण शेजारचा दिसला की दोघंही दिवसभर एकमेकांवर भुंकून घसा बसवून घेतात. दिसला नाही की वासावर भागवतात. फरशीला मागच्या बाजूला उतार, तिथे सलग गटार. फाटकं दोन, एकामागे एक. बाहेरचं बंद झाल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, हा नियम आठ वर्षांच्या नातवालाही पाठ आहे. बोर्डिंगमध्ये कुत्रा आजारी पडला तर डॉक्टर आहेत. पळाला तर काय करायचं?

पुण्याच्या आसपास हल्ली कुत्र्यांसाठी पोहण्याचे तलाव, एसी खोल्या आणि वाढदिवसाचे केक असलेली रिसॉर्ट निघाली आहेत. असतील चांगली. पण माझं मत विचाराल तर बोर्डिंग बघायला गेलेल्यानं तलाव बघू नये, गटार बघावं. इथलं गटार दुपारी बारा वाजता कोरडं असतं.

दिवस साडेपाचला सुरू होतो. घराच्या मागच्या दाराची कडी वाजली की पहिल्या खोलीतून कुणीतरी हाक देतो, मग ओळीनं सगळे. पाच मिनिटं शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. पहिली तुकडी बाहेर पडली की आवाज उतरतो. तारेच्या कुंपणाची तीन आवारं आहेत; कोण कुणाबरोबर सुटणार हे वहिनींच्या फळ्यावर असतं. आम्ही गेलो त्या दिवशी फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: ‘सिंबा – एकटा. कोको, ब्रुनो, काळू – एकत्र. दोन्ही पग – सातच्या आत. टायगर – चेंडू दाखवू नये.’ टायगर हा चार किलोचा पॉमेरेनियन. काळू औंधच्या रस्त्यावरून एका घरात गेलेला गावठी, आणि या सगळ्यांत शहाणा. नव्यानं आलेल्या घाबरटाला पहिल्यांदा काळूबरोबरच सोडतात.

माजावर आलेली मादी इथे घेत नाहीत. ‘एक आली की सगळी पोरं जेवण सोडतात,’ असं दादा म्हणतात. लोक मात्र तिकिटं काढून बसलेले असतात, मग फोनवर सांगत नाहीत आणि फाटकाशी आल्यावर साळसूद चेहरा करतात. वहिनी शेपटी उचलून बघतात आणि गाडी परत फिरवायला लावतात.

स्वयंपाक आजींकडे. आजी माळकरी. घरात मांस शिजत नाही, पण मागच्या पडवीत मोठ्या शेगडीवर रोज कोंबडी शिजते ती त्यांच्याच देखरेखीखाली. चव घ्यायचा प्रश्न नाही. शिजलंय की नाही ते त्या वासावर सांगतात. भात, चिकन, लाल भोपळा, गाजर. मीठ-मसाला नाही, आणि कांदा-लसूण तर पातेल्याच्या आसपासही नाही, कारण त्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आजींना हे पथ्य वेगळं शिकवावं लागलं नाही, चातुर्मासात त्या स्वतः पाळतात. पगारी हाताखाली गावातली दोन पोरं आहेत. ती आजींना घाबरतात, कुत्र्यांना नाही.

काहींचं खाणं घरून येतं, नाव लिहिलेल्या पिशव्यांत, सोबत चिठ्ठी. ‘तूप एक चमचा. भरवलं तरच खातो.’ इथे कुणी भरवत नाही. पहिला दिवस बरेच जण उपाशी काढतात, दुसऱ्या दिवशी शेजारच्या थाळीचा आवाज ऐकून खातात. पाण्याला तोंड लावलं नाही तर मात्र वहिनी लगेच डॉक्टरांना फोन लावतात. जेवणानंतर कुणालाही पळू देत नाहीत. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या कुत्र्यांचं पोट फुगून त्याला पीळ बसण्याचा धोका असतो. तसं झालं तर काही तासांत ऑपरेशन, नाहीतर कुत्रा हातचा जातो.

नऊ ते बारा साफसफाई. बोर्डिंग म्हणजे खरं तर हेच, बाकी सगळं वरवरचं. पार्वो हा पिल्लांचा काळ असलेला विषाणू जमिनीत महिनोन् महिने जिवंत राहतो आणि नुसत्या फिनेलला दाद देत नाही. घर फिनेलच्या वासानं घमघमलं की स्वच्छ झालं, हा आपला सार्वजनिक समज इथे उपयोगाचा नाही. आधी शी उचलायची, मग साबणाच्या पाण्यानं फरशी घासायची, मग ब्लीचचं पाणी टाकून दहा मिनिटं हात लावायचा नाही, मग धुवायचं. घाण तशीच ठेवून वर ब्लीच ओतलं तर त्याचा जोर घाणीवरच खर्ची पडतो. पोरांपैकी धाकटा ती दहा मिनिटं मोबाइलवर टायमर लावून मोजतो.

दुसरा शत्रू गोचीड. कुत्र्याच्या अंगावरची ही तपकिरी गोचीड रक्त पिऊन झालं की खाली उतरते आणि भिंतीवर वर वर चढून फटीत जाऊन बसते. एक मादी हजारांच्या हिशोबात अंडी घालते. तिच्यामार्फत पसरणारा ताप रक्तातल्या पेशींवर घाला घालतो. म्हणून इथल्या भिंतींना एकही फट शिल्लक ठेवलेली नाही, आणि खोली रिकामी झाली की दादा गॅसचा बर्नर घेऊन कोपरे न् कोपरे शेकून काढतात. त्या ज्योतीचा फुर्र आवाज आणि जळक्या चुन्याचा वास शेडभर असतो. पावसाळ्यात यात लेप्टो या रोगाची भर पडते. तो उंदराच्या मुतातून येतो, म्हणून खाण्याच्या कोठ्या पत्र्याच्या आणि भांडी रात्री उपडी. उंदीर आले की मागोमाग साप येतो, हे मुळशीत कुणाला सांगायला नको.

हे सगळं टिकतं ते फाटकावरच्या एका सवयीमुळे. आत घेण्यापूर्वी लसीकरणाचं कार्ड बघायचं. रेबीज, डिस्टेंपर-पार्वोची एकत्र लस, केनेल कफ. आदल्या दिवशी टोचून आणलेलं चालत नाही. अंगात ताकद यायला लसीला वेळ लागतो, निदान दोन आठवडे हवेत. यावरून भांडणं होतात. कायद्याचा आधार सांगता येत नाही: केंद्राचे २०१७ चे नियम कुत्र्यांच्या पैदाशीसाठी, २०१८ चे पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी, दोन्ही विक्रीभोवती फिरणारे. पाहुणा म्हणून ठेवलेल्या कुत्र्याची काळजी कशी घ्यायची, हे बरंचसं चालवणाऱ्याच्या मनावर. त्यामुळे वहिनींचा नियम हाच इथला कायदा.

दुपारी सगळे झोपतात. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंज्यांनाच. बाकी उष्णता जिभेवाटे, धापा टाकून बाहेर पडते. पग, बुलडॉग यांचं नाकच आखूड, त्यामुळे धापा टाकायलाही त्यांना कष्ट पडतात. म्हणूनच फळ्यावर ‘सातच्या आत’. आणि हस्की. सायबेरियाच्या थंडीत गाडी ओढायला घडवलेलं हे जनावर पुण्याच्या एप्रिलमध्ये फ्लॅटच्या बाल्कनीत ठेवणाऱ्यांविषयी दादा काही बोलत नाहीत, फक्त हस्कीच्या खोलीत दुसरा पंखा लावतात. बोलायचं काम मी करतो: दिसायला छान, एवढ्यासाठी कुत्रा घेऊ नये.

चार वाजता वहिनी प्रत्येकाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढून घरी पाठवतात. व्हिडिओ कॉल मात्र कुणालाही नाही, कितीही गळ घाला. मालकाचा आवाज ऐकला की कुत्रा फोनकडे बघत नाही, फाटकाकडे धावतो, आणि मग तास-दोन तास तिथून हलत नाही. त्यापेक्षा घरून न धुतलेली जुनी चादर पाठवा, असं त्या सांगतात. काही जणांना हे लाजिरवाणं वाटतं आणि ते कोरी करकरीत गादी आणतात. तिच्यावर कुणी बसत नाही.

अंधार पडायच्या आत सगळे खोल्यांत, आणि खोल्यांना वरूनही जाळी. कारण बिबट्या. अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनानं सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला, सुमारे ३९ टक्के. मुळशीच्या डोंगरातला बिबट्या वेगळं काय खाणार? इथे तीनदा कुंपणाबाहेर पाऊलखुणा दिसल्या आहेत. त्या रात्री एकही कुत्रा भुंकला नव्हता, असं दादांनी सांगितलं, आणि त्यांना त्याचीच जास्त भीती वाटली.

वर्षातली खरी परीक्षा दिवाळीची. मे महिन्यातही शेड भरते, पण तेव्हा फटाके नसतात. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त, आणि आवाजाची पूर्वसूचना त्याला कुणी देत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये दिवाळीत फटाक्यांसाठी रात्री आठ ते दहा अशी वेळ ठरवून दिली होती. पौड रस्त्याच्या सोसायट्यांनी ती मनावर घेतल्याचं दादांच्या ऐकिवात नाही. त्या चार रात्री ते शेडमध्येच खाट टाकतात. खिडक्यांच्या जाळीला गोणपाटाचे जाड पडदे, सगळे पंखे चालू, आणि मोठ्या स्पीकरवर आजींचे अभंग. अभंगांचं कुत्र्यांना काही नाही, एकसुरी आवाज चालू राहिला की बाहेरचा धमाका थोडा बुजतो. काही जण खाटेखाली शिरतात, काहींना डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली गोळी असते. एक थोराड रॉटवायलर दर वर्षी दादांच्या पोटावर डोकं ठेवून झोपतो. त्याचं वजन पन्नास किलो, त्यामुळे दादा झोपत नाहीत.

फराळ घरात होतो, पण शेडपासून लांब. बेदाणे आणि चॉकलेट दोन्ही कुत्र्यांना विष. बेदाण्यानं मूत्रपिंड जातं. पुण्याहून भेटायला येणाऱ्यांना हे दरवर्षी नव्यानं सांगावं लागतं, कारण ते लाडानं खिशातून काहीतरी काढतातच.

लोकांची सुट्टी तेव्हा यांचं काम, हे ओघानं आलंच. अख्खं कुटुंब एकत्र गावाबाहेर शेवटचं कधी गेलं, यावर दादा-वहिनींचं आमच्यासमोर एकमत झालं नाही. आजी दर वर्षी वारीला जातात, ते मात्र ठरलेलं. त्या पंधरवड्यात स्वयंपाक वहिनींकडे आणि पोरांना तेवढीच मोकळीक. कुणी आजींना विचारलं, दिवसभर एवढ्या कुत्र्यांत कंटाळा येत नाही का, तर त्या म्हणतात, ‘दत्ताच्या पायाशी चार आहेत, माझ्या पायाशी अठ्ठावीस. कंटाळून सांगू कुणाला?’

थोरल्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मोठा पेच पडला. चांगले मुहूर्त सगळे मे आणि डिसेंबरातले, आणि नेमकी तेव्हाच पुणेकर दुसऱ्यांच्या लग्नाला जातात म्हणून शेड भरलेली. शेवटी फेब्रुवारीतला एक मंगळवार काढला, दोन्ही पोरांना शेडवर ठेवलं आणि कार्य पिरंगुटलाच उरकलं, म्हणजे हाकेच्या अंतरावर. तरीही आदल्या संध्याकाळी नवऱ्या मुलाचे मामा-मामी नागपूरहून गाडी घेऊन आले ते मागच्या सीटवर बीगल घेऊनच. ‘तुमच्याकडे सोय आहे म्हणून आणला,’ असं मामी म्हणाल्या. वहिनींच्या हाताला मेंदी लागलेली होती. बिल अर्थातच लावलं नाही. पण कार्ड मात्र मागितलं, आणि केनेल कफचं इंजेक्शन राहिलेलं निघालं म्हणून व्याह्यांचा बीगल दोन दिवस घराच्या गच्चीवर एकटा राहिला.