सेनासाहेबसुभा : एका किताबाची वाटचाल

इंग्लंडांत उमरावपद ही रक्ताच्या वारसाची ठेव मानली जाते. सनदेंत घालून दिलेल्या क्रमानें किताब बहुधा ज्येष्ठ पुत्राकडे जातो. दत्तकास त्यावर हक्क नसतो. वर्धा जिल्ह्याचा मुलूख ज्यांच्या राज्यांत होता, त्या नागपूरकर भोंसल्यांचा किताब मात्र निराळ्या रीतीनें चालला.

हें घराणें मूळचें साताऱ्याकडील देऊर गांवचें. इ.स. १७०७ मध्यें मोंगलांच्या कैदेंतून सुटलेल्या शाहू महाराजांस परसोजी भोंसले येऊन मिळाले. त्या निष्ठेबद्दल त्यांस ‘सेनासाहेबसुभा’ हें पद लाभलें. पुढें तें कान्होजींकडे, व नंतर घराण्यांतील रघूजींकडे आलें. पद वंशांत राहिलें, तरी त्याचीं वस्त्रें साताऱ्याहूनच यावीं लागत. १७५५ मध्यें रघूजी वारले, तेव्हां पुत्रांत तंटा लागला. अखेर जानोजी सेनासाहेबसुभा झाले; मुधोजींस ‘सेनाधुरंधर’ हा किताब व चांद्याचा मुलूख मिळाला.

जानोजींस पुत्र नव्हता. त्यांनीं मुधोजींचा पुत्र रघूजी यास दत्तक घेतलें. १७७२ मध्यें जानोजी वारल्यावर भाऊबंदकी पेटली आणि १७७५ मध्यें पांचगांवच्या लढाईंत साबाजी पडले. परंतु दत्तकाचा हक्क टिकला. याच दुसऱ्या रघूजींस १८०३ च्या देवगांवच्या तहानें वऱ्हाड सोडावें लागलें, व वर्धा नदी राज्याची पश्चिम सीमा झाली.

१८१८ मध्यें कंपनीनें आप्पासाहेबांस पदच्युत केलें. त्या वेळीं परसोजी (दुसरे) यांच्या विधवा दुर्गाबाईंनीं दत्तक घेतलेल्या बालकास, म्हणजे तिसऱ्या रघूजींस, कंपनीनेंच गादीवर बसविलें. तेच रघूजी ११ डिसेंबर १८५३ रोजीं निपुत्रिक वारले, तेव्हां त्याच कंपनीनें राण्यांचा दत्तकाचा हक्क नाकारला. १८५४ मध्यें डलहौसीनें राज्य खालसा केलें. राजवाड्यांतील जडजवाहिरांचा लिलाव झाला. शास्त्र बदललें नव्हतें, कुळाचारहि बदलला नव्हता. बदलली होती ती कंपनीची गरज.

१८५७ च्या धामधुमीनंतर सरकारनें दत्तकपुत्र जानोजी यांस मान्यता देऊन ‘देऊरचे राजेबहादूर’ हा किताब दिला. राज्य मात्र परत आलें नाहीं. १८६२ मध्यें नागपुरांतून वेगळा काढलेला वर्धा जिल्हा इंग्रजी अमलांतच जन्मला. ज्या गांवाहून घराणें निघालें, त्याचेंच नांव शेवटीं किताबास उरलें.

१९५० च्या राज्यघटनेनें असे किताब देण्याची प्रथाच बंद केली. किताब वंशानें चालतो खरा. पण तो टिकतो तो देणाऱ्याच्या शब्दावर. तो शब्द फिरला, कीं मागें उरतें तें केवळ नांव.