कथा लिहून झाली? आता कात्री घ्या!

रात्री जागून लिहिलेल्या कथेतला परिच्छेद स्वतःच्याच हाताने खोडायचा, म्हणजे अगदी जिवावर येते. ‘हे वर्णन किती छान जमलंय!’ असे मन म्हणत राहते. पण वर्णन छान असणे आणि कथेला त्याची गरज असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

अमेरिकन लेखक अर्नेस्ट हेमिंग्वेचे उदाहरण घ्या. १९२६ साली त्याची ‘द सन ऑल्सो रायझेस’ ही कादंबरी प्रकाशकाकडे गेलेली होती. तेव्हा त्याचा मित्र, कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्ड याने ती वाचली आणि सुरुवात आटोपशीर करण्याचा सल्ला दिला. हेमिंग्वेने तर पात्रांची पूर्वपीठिका सांगणारी पहिली पंधरा-सोळा पाने काढूनच टाकली! अशी पाने लिहिणे वाया जात नाही. पात्रांची ओळख लेखकाला त्यांतूनच होते. वाचकाला मात्र ते सगळे सांगावे लागत नाही.

आपली कथा पंधरा दिवस बाजूला ठेवा आणि मग परक्याची म्हणून वाचा. नायिकेचे उठणे, चहा करणे, खिडकीबाहेरचा पाऊस यांतच पहिले पान संपते आणि नवऱ्याच्या बदलीची बातमी दुसऱ्या पानावर येते का? मग कथा त्या बातमीपासून सुरू करून पाहा.

एकच गोष्ट दोनदा सांगितली आहे का, तेही तपासा. ‘वसुधाला फार वाईट वाटले. तिचे मन भरून आले. तिने न जेवताच ताट बाजूला सारले.’ यातले शेवटचे वाक्य ठेवा. पहिली दोन वाचक आपणहून समजून घेतो.

किती कापावे? स्टीफन किंग यांनी ‘ऑन रायटिंग’ (२०००) या पुस्तकात सांगितलेला हिशेब सोपा आहे : दुसरा खर्डा पहिल्यापेक्षा दहा टक्के लहान हवा. दहा पानांची कथा नऊ पानांत बसवून पाहा.

मात्र कात्री आंधळेपणाने चालवू नका. एखादे वाक्य काढल्यावर पुढचा प्रसंग कळेनासा झाला किंवा पात्र निर्जीव वाटू लागले, तर ते वाक्य परत जागेवर ठेवा.

आणि खोडलेला आवडता परिच्छेद? तो वेगळ्या वहीत उतरवून ठेवा. या कथेत त्याला जागा नव्हती. पुढच्या एखाद्या कथेत कदाचित असेल. एवढा दिलासा मिळाला, की कात्री चालवताना हात थरथरत नाही.