श्रीलंकेतील भाषाविग्रह : दोन भंगलेल्या करारांचा इतिहास

श्रीलंकेतील सिंहली-तमिळ संघर्ष हे दोन सहस्र वर्षांचे वैर होय, अशी एक समजूत रूढ आहे. ती इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. ४ फेब्रुवारी १९४८ रोजी हा देश, तेव्हाचा सिलोन, शांततेने स्वतंत्र झाला. मग अवघ्या दहा वर्षांत तेथे भीषण दंगली का उसळल्या, हा खरा प्रश्न होय.

प्रारंभ नागरिकत्वापासून झाला. १९४८ व १९४९ च्या कायद्यांनी मळ्यांवरील भारतीय वंशाच्या बहुसंख्य तमिळांना नागरिकत्व नाकारले. पाठोपाठ त्यांचा मताधिकारही गेला. मतदारवर्गातील सिंहलींचे प्रमाण साहजिकच वाढले. याच प्रश्नावरून तमिळ काँग्रेसमधून बाहेर पडून एस. जे. व्ही. चेल्वनायकम् यांनी १९४९ मध्ये फेडरल पक्ष स्थापिला.

पुढे भाषेचा प्रश्न आला. राज्यकारभार इंग्रजीत चाले. त्यामुळे केवळ सिंहली शिकलेल्या ग्रामीण तरुणास सरकारी नोकरीचे दार बंद असे. उलट, जाफन्यात मिशनरी शाळांमुळे इंग्रजी शिक्षण लवकर पसरले होते. सिंहली तरुणांचे गाऱ्हाणे खोटे नव्हते; परंतु १९५६ च्या निवडणुकीपूर्वी दोन्ही प्रमुख पक्षांनी त्यावर ‘केवळ सिंहली’ हाच उपाय सांगितला. त्याच वर्षी पंतप्रधान बंदरनायके यांनी तसा कायदा केला.

तडजोडीचा मार्ग तरीही खुला होता. जुलै १९५७ मधील बंदरनायके-चेल्वनायकम् कराराने उत्तर व पूर्व भागांत तमिळमधून कारभार आणि प्रादेशिक मंडळे मान्य केली. विरोधी युनायटेड नॅशनल पक्षाने व भिक्षूंच्या संघटनांनी त्याविरुद्ध रान उठविले. एप्रिल १९५८ मध्ये करार रद्द झाला आणि मे महिन्यात दंगली पेटल्या. १९६५ मध्ये त्याच युनायटेड नॅशनल पक्षाचे नेते डडली सेनानायके यांनी चेल्वनायकम् यांच्याशी तसाच करार केला. या वेळी विरोध केला तो बंदरनायके यांच्या पक्षाने. तोही करार निष्फळ ठरला.

पक्ष बदलले, भूमिका बदलल्या, परंतु परिणाम एकच झाला : सनदशीर वाटाघाटींवरील तमिळांचा विश्वास उडाला. १९७६ मध्ये वड्डुकोड्डै येथे स्वतंत्र राज्याची मागणी झाली. १९८३ मध्ये भडकलेले यादवी युद्ध २००९ पर्यंत चालले. तमिळला राजभाषेचे स्थान व प्रांतिक मंडळे देणारी तेरावी घटनादुरुस्ती १९८७ मध्ये झाली. १९५७ मध्ये एका सहीने जे साधू शकले असते, ते तीस वर्षांनी देऊनही शांतता लाभली नाही. वांशिक संघर्षाच्या अभ्यासकाने प्राचीन वैराइतकेच, किंबहुना अधिक, अशा मोडलेल्या वचनांकडे लक्ष द्यावे.